तिन्हीसांजेचं विरजण

आमची वाडी दाभोळच्या खाडीकडे उतरणाऱ्या डोंगरात आहे. घरं नऊ. त्यातली पाच गणपतीला उघडतात आणि विसर्जन झालं की पुन्हा कुलपात जातात. उरलेल्या चार घरांत मिळून धडधाकट पुरुष तीन, असं माझी बायको म्हणते. माझ्या हिशेबाने चार, पण ती मला धरत नाही.

न धरायला कारण झाला फणस. मे महिन्याच्या अखेरीला मी बरक्या फणसाचे गरे खाल्ले, जरा मनापासूनच खाल्ले, आणि पहाटे छातीत कळ आली. हा वायू आहे, असं मी घसा फोडून सांगत होतो. तिने ऐकलं नाही. तिघांना हाका मारल्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, मला तीत बसवलं आणि वरात पाखाडीने वर निघाली. पाखाडी म्हणजे आमची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. गाडीरस्ता डोंगरावर आणि आम्ही पायथ्याशी. बांबूंची टोकं चार, माणसं तीन. चौथं टोक तिने खांद्यावर घेतलं. मी वरून सूचना देत होतो, "पाचोळा आहे रे, घसराल," वगैरे. एकानेही ओ दिली नाही. पुढे डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. निम्मा तरी वायूच होता, हे माझं मत आजही कायम आहे.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर आठ दिवस तिने मला खाटेवरून उतरू दिलं नाही. नवव्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आपण रत्नागिरीला राहायला जायचं."

"आणि बाग?"

"बाग जाणार नाही कुठे. तुम्ही जाल."

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मला एकेचाळीस वर्षांत कळलं आहे. तिच्याशी वाद घालायचा नाही, फक्त फाटे फोडायचे. मी म्हटलं, "ठीक आहे. पण घर तू बघ, शेजार मी बघणार. वाडी सोडून जायचं ते माणसांसाठी ना? मग माणसं मला पटली पाहिजेत." तिला हे लगेच मान्य झालं. माझ्या शहाणपणाचं कौतुकही वाटलं असावं. मला मात्र कुठलाच शेजार पटणार नव्हता. ते मी आधीच ठरवलं होतं.

त्यासाठी मी एक परीक्षा काढली. नव्या वस्तीत जायचं, घर तिने बघून घ्यायचं, आणि संध्याकाळी मी एकट्याने जाऊन शेजारच्या दारात वाटीभर विरजण मागायचं. "अनोळखी माणसाला विरजण देईल तो खरा शेजार," असं मी बायकोला समजावलं. ऐकायला हे इतकं चांगलं होतं की क्षणभर मलाच खरं वाटलं. फक्त मी कोणत्या वेळी जाणार, ते तिला सांगितलं नाही. मी जाणार होतो दिवेलागणीनंतर. आमच्या मुलखात एकदा देवापाशी दिवा लागला की दूध, दही, विरजण, मीठ घराबाहेर जात नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. तिन्हीसांजेला विरजण मागणं म्हणजे सरळसरळ नकार मागायला जाणं.

पाऊस सरल्यावर आम्ही निघालो, आणि रत्नागिरीआधी जवळची दापोली बघू, असा पहिला फाटा मी फोडला. तिथे माझा मेहुणा राहतो, त्याच्याकडे उतरलो. बायकोला एका बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या आवडल्या. नळाला पाणी होतं, मागे जास्वंदीची रांग होती. दिवे लागल्यावर मी तिच्या माहेरची स्टीलची वाटी घेऊन शेजारी गेलो. शेजारी शेतकी कॉलेजातली चार मुलं राहत होती. त्यांना विरजण हा प्रकारच ठाऊक नव्हता. एकाने विचारलं, "काका, पिशवीतलं दही चालेल का?" आणि मी नको नको म्हणत असताना अख्खी पिशवी माझ्या हातात कोंबली. ही पोरं उत्तीर्ण होतात की काय अशी धास्ती मला पडली. मग लक्षात आलं, पिशवीतलं दही म्हणजे विरजण नव्हे. बायकोला तसंच सांगितलं. "विरजण नाही म्हणाले," हे शब्दशः खरं होतं. दही मी मेहुण्याच्या दारातच उभ्याने संपवलं.

मग रत्नागिरी. फेरीबोटीने खाडी ओलांडून, दोन एसट्या बदलून बायकोच्या मावसबहिणीकडे आलो आणि तिथेच ठाण मांडलं. पहिली जागा लिफ्टवाली होती. गेटावर वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं आणि "कामाचं स्वरूप" या रकान्यापाशी बोट ठेवलं. मी लिहिलं, विरजण. त्याने ते दोनदा वाचलं आणि सोडलं. वर जाळीच्या दारातून एका गृहस्थांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "आमच्याकडे नको आहे" म्हणून आतलं दार लावलं. मी काहीतरी विकायला आलोय असा त्यांचा समज झाला. इतका स्वच्छ नकार मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी शीळ घालत परत आलो आणि दारापाशी येताच चेहरा पाडला.

"काय हो, नाही दिलं?"

"काय सांगू तुला. माणुसकीच राहिली नाही."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला जरा वाईट वाटलं. पण जरासंच.

दुसरी जागा मांडवीत होती. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तीन बिऱ्हाडांची मिळून एक बैठी इमारत, कौलारू. मधली जागा रिकामी. बायको तिथल्या ओटीवर नुसती बसून आली आणि काही बोलली नाही. यावरून जागा तिला फार आवडली आहे हे मी ओळखलं आणि वाटी घेऊन निघालो.

डावीकडच्या दारात एक साठीची बाई आली. घर खारव्यांचं, अंगणात जाळी वाळत होती, आत देवापाशी निरांजन लागलेलं मला बाहेरून दिसत होतं. मी वाटी पुढे केली. ती एकदम उसळली.

"तिन्हीसांज झाली, दिवा लागला, न् विरजण मागताव? कुठल्या गावचे तुम्ही? घरात कोण म्हातारंमाणूस हाय का नाय तुमच्या?"

"म्हातारा मीच आहे," मी म्हणालो. मनात म्हटलं, झालं काम. पाठ वळवली.

"थांबा! चाललाव कुठं?" बाई आत गेली आणि स्वतःची वाटी घेऊन आली. तीत चमचाभर दाट दही होतं. "द्यायचं नसतं तिन्हीसांजेला. बदली करायला हरकत नाय. तुमची वाटी इथं ठेवा, माझी घेऊन जा. देणं नाय, घेणं नाय. लक्ष्मीलापण कळतं माणसाची नड."

आमच्या रीतीला अशी पळवाट असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी उंबऱ्यावर आमची वाटी ठेवली, तिची उचलली. तेवढ्यावर भागलं नाही. माझ्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती, ती तिने बघितली. "जिभेखाली ठेवायची ना? आमच्या ह्यांच्याकडं पण होती. एकटे फिरू नका संध्याकाळचे." आणि नाक्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली, रिक्षात बसवून रिक्षावाल्याला दम भरून परत गेली.

रिक्षात माझी अवस्था अवघड झाली होती. शेजार पास झाला होता. मी म्हणजे परीक्षक, आणि परीक्षकाला एकही विद्यार्थी पास करायचा नव्हता; हा तर पहिला आला होता. अर्ध्या वाटेत मी रिक्षा थांबवली, गटाराच्या कडेला दही उपडं केलं आणि नळावर वाटी धुतली. दही टाकताना जिवावर आलं, हे कबूल करतो. अन्न टाकायची सवय नाही आम्हाला. मावसबहिणीकडे पोचल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलं.

"नाही दिलं," मी म्हणालो. ती पानं घ्यायला उठली.

सकाळी मी अंघोळ करून आलो तर ती भांडी पुसत होती. हातात वाटी. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत आहे. लग्नात, बारशात, मुंजीत दिलेलं प्रत्येक भांडं नाव सांगतं, कधी गावही सांगतं. त्या वाटीवर एका परक्या बाईचं नाव होतं, नि खाली बारीक अक्षरात मांडवी. मी दही टाकलं, वाटी धुतली, खोटं बोलण्याची उजळणी केली. पण वाटी वाचली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नवराबायको दोघांनी जन्मभर नाव कोरलेल्या वाट्यांत आमटी ओरपली, आणि त्यातल्या एकाला पकडला गेल्यावरच ती अक्षरं दिसली.

"माझी वाटी कुठाय?" तिने विचारलं.

मी घसा खाकरला. तिने उत्तराची वाट बघितली नाही. पदर खोचला, ती वाटी पिशवीत टाकली आणि रिक्षा करून एकटीच निघून गेली.

दोन तास गेले. मावसबहीण मला चहा देताना तोंड दाबून हसत होती. मी बोलणी खायची तयारी केली. एकेचाळीस वर्षांत मी बरीच खाल्ली आहेत, पचवलीही आहेत. ती आली, माहेरची वाटी टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला राग आलेला नव्हता. तेव्हा मी खरा घाबरलो.

"दिवेलागणीला जात होतात," ती म्हणाली.

"हो."

"दापोलीतही?"

"तिथे पिशवी दिली होती त्यांनी."

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतंय मी शेजार तुमच्यासाठी बघतेय. तुमच्या छातीत कळ येईल, कोणी धावेल, म्हणून. ते आहेच. पण तुम्ही माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहात आणि फणस सोडत नाही. शेजार मी माझ्यासाठी बघतेय. तुमच्यानंतरचा."

मी काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं. "म्हणजे माझा नंबर आधी, हे ठरलंच?" एवढंच जमलं, आणि तेही धड जमलं नाही.

"वाडीत उघडी घरं चार. त्यांतल्या तीन घरांत आता बाईमाणूस नाही. दोघी मुंबईला गेल्या मुलांकडे, एक वारली. दोन वर्षं झाली त्याला. मी गाईशी बोलते, तुम्हाला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे गोठ्यातून तिचा आवाज यायचा, तो मी ऐकत होतो. ती गाईला ओरडतेय असं मी धरून चाललो होतो. धडधाकट पुरुष किती यावरून मी तिच्याशी भांडत होतो आणि वाडीत बायका किती उरल्या हे मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. तसं तिला सांगितलं मी. ती म्हणाली, "असू दे," आणि भाजी निवडायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, भर उन्हात, मी मांडवीत गेलो. हातात काही नव्हतं. ती बाई बाजारातून मासे विकून नुकतीच आली होती, पायरीवर बसून पाटी धूत होती. मला बघून म्हणाली, "आज काय मागताव?"

मी म्हटलं, "दही टाकलं मी तुमचं."

"ठाऊक हाय. वैनींनी सांगितलं."

"जागा घेतोय आम्ही. मला एवढंच विचारायचं होतं... पुढेमागे ती एकटी असली तर तुम्ही तिच्याशी बोलाल ना? तिला बोलायला माणूस लागतं. काल तुम्हाला माझ्या बऱ्याच तक्रारी ऐकायला लागल्या असतील."

बाई हसायला लागली. पाटीतलं पाणी माझ्या चपलांवर उडालं. "तुमच्या? तुम्ही चार वाक्यांत आटपलाव हो! दोन तास वैनी आपलंच सांगत व्हत्या. लहानपणी बापाची नजर चुकवून दाभोळची खाडी पोहून पार जायच्या म्हणं, परकर डोक्याला बांधून. कोणाशी पैज मारलीन, कोणाला बुडताना काढलान, सगळं. केवढ्या रंगल्या व्हत्या! तुम्हाला तर पाठ असंल."

एकेचाळीस वर्षं आम्ही त्याच खाडीच्या काठी राहिलो. तिला पोहता येतं हे मी त्या पायरीवर पहिल्यांदा ऐकलं.

"हो तर," मी म्हणालो, "पाठ आहे."