कवळीकाकाची प्रेतसेना

आमचा काका दातांच्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात आणि काका मागच्या खोलीत बसून प्लास्टरच्या जबड्यांत एकेक दात बसवतो. म्हणून तो कवळीकाका. तोंडात कायम एक बारीक ब्रश आडवा धरलेला असतो, त्यामुळे ओठ न हलवता बोलायची त्याला सवय झाली आहे. आणि बोलतो तरी काय, तर "तसं नव्हतं." टीव्हीवर राजा घोड्यावर बसला की काका ब्रशाखालून गुरगुरणार, "तसं नव्हतं. तेव्हाची रिकीब इतकी लांब नव्हती." शाळेच्या नाटकात कुणी पुठ्ठ्याची ढाल घेऊन आलं की पहिल्या रांगेतून तेच. नाटकाला जाताना तो ब्रश घरी ठेवतो, तरी आवाज तस्साच.

कारण त्याचा खरा जीव कपाटात आहे. तिथे अंगठ्याएवढे मध्ययुगातले सैनिक उभे आहेत: धनुर्धारी, भालाईत, चिलखतातले घोडेस्वार, मठातले संन्यासी, कोयते घेतलेले शेतकरी. हे टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि लढाई लढायची, असा या लोकांचा एक क्लब आहे. काकाच्या सैनिकाच्या अंगरख्याचा रंग चुकलाय, असं तिथे कुणी म्हणत नाही. म्हटलं की काका पुरावे काढत बसतो आणि जेवायची वेळ टळते.

दादा, म्हणजे काकाचा मुलगा, याच क्लबात वाढला, पण त्याने नाद धरला राक्षसांचा. वनयक्ष, खुजे, चेटके, उडते सर्प. त्याने पहिली राक्षससेना स्वतः रंगवून क्लबच्या टेबलावर मांडली, तेव्हा काकाने सगळ्यांदेखत तोंडातला ब्रश काढला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "ही खेळणी आहेत. घरी ने." दादाने ती मुकाट्याने खोक्यात भरली, आणि नोकरीला परगावी गेला तेव्हा बरोबर नेली. तेव्हापासून फोन काकाने उचलला की पलीकडून एवढंच येतं, आई आहे का. काका "आहे" म्हणतो, आणि काकू येईपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवतो, अजून काहीतरी यायचं राहिल्यासारखा.

काकू महत्त्वाचं काही माणसांशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. यंदा तिने तव्याला सांगितलं की क्लबची मोठी लढाई सगळी जादूची आहे, जोडीजोडीने खेळायची आहे, आणि चिटणीसांनी दादाला बोलावलं आहे. मग कढईला सांगितलं की तो म्हणतोय, बाबांना जोडीला यायचं तर येऊ देत, पण ते संग्रहालय घेऊन नको. एवढं झाल्यावर ती काकाकडे वळली.

"या वेळी तुम्ही नाही म्हणालात, तर तो परत विचारायचा नाही."

काका हो म्हणाला. ओठ हलवून म्हणाला.

दुकानात राक्षस नव्हते. दुकानदाराचं नेहमीचं, "येतोय माल, निघालाय, समजा आलाच." म्हणजे लढाई होऊन गेल्यावर आला असता. तेव्हा जे करायचं ते कपाटातल्या माणसांतूनच करायचं होतं. जेवायच्या टेबलावर फौज उतरली आणि आम्ही सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

निवडायचं कसं, हे काकाने आधी कवळीच्या पद्धतीने ठरवलं: प्रत्येकाला उजेडाकडे वळवून बघायचं. ज्यांचे चेहरे शिरस्त्राणात पूर्ण झाकलेले, ते चेटक्याचे पहारेकरी, कारण आत काय आहे ते कुणाला ठाऊक. सडपातळ धनुर्धारी ते वनयक्ष. टोपी ओढलेले संन्यासी ते चेटके. शेतकऱ्यांना राखाडी-हिरवा रंग दिला की झाली मढी, कबरीतून उठून आलेली. खुज्यांपाशी गाडी अडली. छोट्या मापाचे सैनिक त्याने लावून पाहिले, पण ते खुजे दिसत नव्हते, लांब उभी असलेली माणसं दिसत होती. शेवटी गुडघे टेकून बाण मारणारे सगळे वेगळे काढले आणि तेच खुजे ठरवले. काकूने पातेल्याला विचारलं की हे गुडघ्यांवर चालत लढाईला जाणार का. काका म्हणाला, ढालीमागे दिसत नाही. पातेलं आपटलं.

कामाला बसण्याआधी रंग, कामावरून उठल्यावर रंग. कवळ्या उशिरा जाऊ लागल्या, डॉक्टरांचे फोन येऊ लागले, आणि काका त्यांनाही ओठ न हलवता होतंय-होतंय करत राहिला. सगळं मांडून झालं तेव्हा त्याने चिटणीसांना बघायला बोलावलं, कारण क्लबचा नियम असा की समोरच्याला एका नजरेत कोण काय ते ओळखू आलं पाहिजे.

चिटणीस नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा"ने सुरू करतात. म्हणजे बघा, फार सुंदर. म्हणजे बघा, अंगरख्याच्या घड्यासुद्धा. मग दोनदा टेबलाभोवती फिरून म्हणाले की म्हणजे बघा, यात जादू कुठे आहे. आणि खरंच नव्हती. काकाने यक्ष निवडले, पहारेकरी निवडले, चेटके निवडले, पण सगळे एकाच युद्धातले, एकाच दशकातले निवडले होते. वेगळ्या शतकाची ढाल शेजारी आली की त्याचा हात आपोआप तिला उचलून परत कपाटात ठेवत होता. समोर उभी होती ती तीच जुनी फौज, थोडी आजारी पडलेली. ही चालणार नाही, असं सांगून चिटणीस चहा न घेता गेले.

काका मागच्या खोलीत गेला. मग प्लास्टर कापायची बारीक करवत घेऊन आला. घोडेस्वार उचलला आणि त्याचं डोकं कापलं. मग दुसऱ्याचं. ज्यांच्या पट्ट्यावरची कडी शोधायला त्याने पुस्तकं पालथी घातली होती, त्यांची मुंडकी टेबलावरून घरंगळत होती. या धडावर त्या शतकाचं मुंडकं, संन्याशाच्या खांद्यावर घोड्याचं. शिंगं आणि सुळे त्याने कवळीच्या ॲक्रिलिकचे केले, कारण हाताला तेच वळण, आणि ते सगळे हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे निघाले. उरलेल्या दाढा त्याने राक्षसांच्या हातात दगड म्हणून दिल्या. करवत बोटाला लागली. काकू दारात उभी होती. आसपास भांडी होती, तरी ती काकाशीच बोलली.

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर हे माझ्याकडे बघत बसतील," काका म्हणाला आणि पुढचं डोकं कापलं.

तो आला. क्लबच्या हॉलमध्ये खोकं उघडून त्याने आपली लखलखीत सेना मांडली, शेजारी काकाची. सगळा हॉल गुलाबी शिंगं बघायला गोळा झाला.  एकदा दादाने गुडघ्यावरचा खुजा उचलला, खालून बघितला, ठेवून दिला. पुढचा खेळ दोन परक्या प्रवाशांनी एका बाकावर बसावं तसा चालला: तुमचा फासा, टेप द्या, तुमची चाल. काकाने जातिवंत मांडणी केली, मधे भालाईत, कडेला धनुर्धारी, आणि समोरच्याचा सर्प त्या सगळ्यावरून उडत येऊन सरळ मागच्या टेकडीवर उतरला. त्याच्यासमोर उरली ती फक्त काकाची मढी. फासा वाईट पडला. काकाने टेप खाली ठेवली आणि मढी एकेक करून टेबलावरून काढायला लागला.

"काय करताय?" दादाने विचारलं.

"पळाले," काका म्हणाला. "शेतकरी आहेत. असा प्राणी समोर आला की शेतकरी पळतात."

"बाबा, ती मेलेली आहेत. मेलेली माणसं पळत नाहीत. नियम आहे."

 दादाने काकाच्या मुठीतली मढी घेतली आणि टेकडीवर परत उभी केली, कोयते बाहेरच्या बाजूला करून, एकमेकांना खेटून. दोन फेऱ्या ती तिथे टिकली. मग सर्पाने सगळी खाल्ली आणि हे दोघे हरले, तेही वाईट हरले. समोरच्यांनी हात मिळवले, सामान भरलं, दुसऱ्या टेबलाकडे गेले.

दादा उठला नाही. खोकं उघडं ठेवून एक हिरवट शेतकरी बोटात फिरवत बसला.

"पण खरे शेतकरी," तो म्हणाला, "खरंच पळाले असते?"

या प्रश्नावर काका दोन दिवस बोलू शकतो. कोणते शेतकरी, कुणाचे, कुठल्या साली, पेरणीच्या आधी की नंतर, हे सगळं त्याला पाठ आहे. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला सुरुवातच सापडेना. दादा खुर्ची पुढे ओढून वाट बघत राहिला.