दुसऱ्यांदा न विचारलेला प्रश्न

कृष्णाजी वामन ठोसर यांनी चौतीस वर्षे इतरांना समुद्रप्रवासाला पाठवले. स्वतः मात्र मोरा बंदर ते भाऊचा धक्का या रोजच्या लाँचच्या फेरीपलीकडे ते कधी गेले नाहीत. उरणला घर आणि बॅलार्ड पिअरजवळ एका जहाज कंपनीच्या एजंटांची कचेरी, हे त्यांच्या आयुष्याचे दोन काठ होते. प्रवासी जहाजे आफ्रिकेला आणि आखाताला जात असत, त्या काळी प्रत्येक उतारूचे कागद तपासणे हे त्यांचे काम होते. पुढे प्रवासी जहाजे बंद पडली आणि त्यांच्या टेबलावर मालाची बिले आली. माणसांचे कागद ते त्यानंतरही तपासत राहिले, एवढेच की ती माणसे आता घरची होती.

त्यांचा एक नेम होता. महत्त्वाचा प्रश्न ते दोनदा विचारत. पहिल्या वेळी माणूस सवयीने उत्तर देतो आणि दुसऱ्या वेळी आठवून देतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या पत्नी उल्काताई यावर हसत. "आमच्याकडे आमटीत मीठ घातलंस का, हेसुद्धा दोनदा विचारतात," असे त्या शेजारणींना सांगत, "आणि मी घाबरून दोनदा घालते."

उल्काताई २००३ च्या दिवाळीआधी गेल्या. त्यानंतर मुलगा शंतनू त्यांना, म्हणजे आपल्या अप्पांना, उन्हाळ्यात अमेरिकेला बोलावू लागला. नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिल येथे तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. घरात पत्नी नेत्रा आणि अमेरिकेतच जन्मलेली नऊ वर्षांची उर्वी. २००७ च्या जूनमध्ये त्याने जाहीर केले, "अप्पा, या वेळी तुम्हाला बोटीत बसवणार. लाँच नाही, खरी बोट. फ्लोरिडाहून बहामाला, चार दिवस. अगदी नवी कोरी आहे, तिसरीच फेरी तिची."

अप्पा "कशाला उगाच खर्च" असे म्हणाले खरे, पण शंतनूने छापून आणलेले जहाजाचे चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावले आणि त्यानंतर पाणी प्यायला त्यांना फार वेळा उठावे लागू लागले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नेत्रा जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट एका फोल्डरमध्ये भरत होती. अप्पा चष्मा शोधू लागताच तिने हात वर केला.

"अप्पा, या वेळी तुम्ही पाहुणे. फाइल नाही, याद्या नाहीत, उलटतपासणी नाही. प्रॉमिस?"

"बरं बाई, प्रॉमिस," अप्पा म्हणाले. तिच्या बोलण्यात माया होती आणि गेल्या उन्हाळ्याचा थोडा वैतागही होता. विमानतळावर त्यांनी तिला तिकिटांबद्दल किती वेळा विचारले होते, ते त्यांनाही आठवत होते.

पण शंतनूचा पासपोर्ट टेबलावर उघडाच पडला होता, आणि चौतीस वर्षांच्या डोळ्यांना तारीख आधी दिसते. अमेरिकेचा व्हिसा. दिल्याची तारीख नोव्हेंबर २००३, म्हणजे आईच्या दिवसकार्यासाठी आला होता तेव्हा मुंबईच्या वकिलातीतून घेतलेला. संपण्याची तारीख ऑक्टोबर २००६. संपून आठ महिने झाले होते.

"शंतनू, हा व्हिसा संपलेला दिसतो."

"एक्स्टेन्शन झालंय अप्पा," शंतनू लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "अप्रूव्हलचं लेटर आहे. इथं सगळ्यांचं असंच असतं. नो प्रॉब्लेम."

अप्पांच्या जिभेवर दुसरा प्रश्न आला होता. राहण्याचा कागद हा; पण देशाबाहेर जाऊन परत आत येण्याचा कागद कोणता? अमेरिकेचा कायदा त्यांना ठाऊक नव्हता, मात्र राहणे आणि येणे यांना जगातल्या कोणत्याही बंदरावर दोन वेगळे कागद लागतात, हे ते झोपेतही सांगू शकले असते. त्यांनी तोंड उघडले. समोर फ्रिजवर ती पांढरीशुभ्र बोट होती. त्यांनी तोंड मिटले. आपण प्रॉमिस दिले आहे, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणि म्हणतानाच त्यांना कळले की हे खरे कारण नव्हे.

दुसऱ्या दिवशी दहा तास गाडी चालली. रात्रीचा मुक्काम बंदराजवळच्या मोटेलात झाला. तिथून निघून साडेबारा वाजता सर्वजण धक्क्यावरच्या मोठ्या शेडमध्ये रांगेला लागले. काचेपलीकडे जहाज उभे होते. मान पूर्ण मागे टाकल्याखेरीज त्याचा माथा दिसत नव्हता.

"आजोबा, इट्स लाइक अ बिल्डिंग!" उर्वी म्हणाली.

"चौदा मजले," अप्पा म्हणाले. त्यांनी मोजले होते.

काउंटरवर साठीची एक कृष्णवर्णीय बाई होती. छातीवरच्या बिल्ल्यावर लोरेन असे नाव होते. तिने अप्पांचा पासपोर्ट पाहिला, उर्वीचा अमेरिकन पासपोर्ट पाहिला आणि स्मित केले. शंतनूचा उघडला. पाने उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. नेत्राचाही पाहिला. तिचाही व्हिसा त्याच दिवशी संपला होता.

"सर, याच्यापुढचा व्हिसा?"

शंतनूने पत्र पुढे केले. तिने ते शांतपणे शेवटपर्यंत वाचले.

"हनी, या कागदावर तुम्हाला इथं राहता येतं," ती म्हणाली. "पण ही बोट धक्का सोडेल तेव्हा तुम्ही देशाबाहेर गेलात. परत यायला व्हिसा लागेल, आणि तो बहामात मिळेलच असं नाही. मी तुम्हाला चढू देऊ शकत नाही. आणि खरं सांगू, चढू दिलं तर तुमचं नुकसान करीन."

अप्पांनी न विचारलेला प्रश्न शब्दाशब्दाने काउंटरवर येऊन पडला होता.

शंतनूने दोनदा वाद घालून पाहिला. नेत्रा म्हणाली, "शंतनू, पुरे. ती बरोबर बोलतेय. अडकलो असतो तिथं. तुझी नोकरी, हिची शाळा…"

अप्पांना त्या क्षणी एक शिंपी आठवला. मोंबासाला निघालेला होता. पीतज्वराची लस टोचून दहा दिवस व्हावे लागत. त्याचे आठच झाले होते. कृष्णाजी ठोसरांनी त्याला नियमाप्रमाणे परत पाठवले आणि पुढच्या उतारूचा कागद हाती घेतला. तो माणूस जहाज सुटेपर्यंत धक्क्यावर आपल्या शिलाई यंत्राच्या पेटीवर बसून होता. नियम बरोबर होता, कामही बरोबर होते. फक्त आपण मान वर करून त्याच्याकडे पाहिले नाही, हे अप्पांना छत्तीस वर्षांनी जाणवले. कारण लोरेन आपली खुर्ची सोडून, काउंटरला वळसा घालून त्यांच्यापाशी आली होती.

"तुमचा व्हिसा चांगला आहे," ती अप्पांना म्हणाली. "मुलगी तर इथलीच. तुम्ही दोघं जाऊ शकता. आईवडिलांचं संमतिपत्र हवं, नोटरीपुढं सही केलेलं. फाटकाबाहेर पार्सल पाठवायच्या दुकानात नोटरी बसतो. साडेतीनला मी काउंटर बंद करते."

"नको," अप्पा म्हणाले. "सगळे परत जाऊ."

उर्वीने अप्पांचा हात ओढला. तिला रडू फुटले. "बट आय टोल्ड एव्हरीबडी. आय टोल्ड माय होल क्लास."

शंतनू बाजूला वळला. मग पुन्हा वळून म्हणाला, "अप्पा, जा तुम्ही. तिला घेऊन जा. चूक माझी आहे. तुम्ही पण राहिलात तर मला कसं वाटेल?"

चूक माझी आहे, हे शब्द अप्पांना फार लागले. त्यांनी त्याच वेळी सांगायला हवे होते. पण दीड तास उरला होता, पोर रडत होती आणि कागद करायचा होता. कागद करणे त्यांना येत होते. पार्सलच्या दुकानात उभ्या उभ्या त्यांनी ते संमतिपत्र लिहिले: मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, जहाजाचे नाव, निघण्याचा व परतण्याचा दिवस, आजारपणात उपचारांचा अधिकार, दोघांच्या सह्या. एकही खाडाखोड नव्हती. नोटरी म्हणाला, अशा अक्षराचा कागद त्याने वर्षानुवर्षे पाहिला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी लोरेनने तो वाचला आणि अप्पांकडे वर पाहिले.

"हे काम केलंय वाटतं तुम्ही."

"चौतीस वर्षं," अप्पा म्हणाले, आणि तिला नमस्कार केला.

जहाजाला अजून ताज्या रंगाचा वास होता. लिफ्टच्या बटणांवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा पूर्ण निघालेला नव्हता, आणि कुठल्या जिन्याने कुठे जायचे, हे नोकरांनाही विचारून सांगावे लागत होते. आपत्कालीन कवायतीचा भोंगा झाला तेव्हा लोक बर्फाचे पेले हातात घेऊन रेंगाळत आले. अप्पा मात्र नेमलेल्या जागी पहिले होते, जीवरक्षक जाकिटाचा प्रत्येक बंद बांधून.

"आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," उर्वी कुजबुजली. तेवढ्यात कवायत घेणारा अधिकारी अप्पांकडे बोट करून सर्वांना म्हणाला, जाकीट असे बांधायचे असते. उर्वी मग त्यांना टेकून उभी राहिली.

चार दिवसांत त्या दोघांचे जे संभाषण झाले, ते चार उन्हाळ्यांत झाले नव्हते. ती इंग्रजीत विचारी, ते मराठीत सांगत, आणि कुणाचे काही अडत नसे. नांगर किती जड असतो, बाबा सांगतो तशी लाँचमधून येताना तुमची टोपी खरेच उडाली होती का, आजी कशी होती. त्यांनी तिला मिठाची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली.

"सो यू ऑल्वेज आस्क ट्वाइस?"

अप्पांनी थोडा वेळ समुद्राकडे पाहिले. पाणी उरणच्या पाण्यासारखे मुळीच नव्हते. काचेसारखे निळे होते. हेच पाहायचे होते आयुष्यभर, आणि ते सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. पण जेवणाच्या टेबलावर त्यांच्या कुटुंबासाठी राखलेल्या दोन खुर्च्या रोज रिकाम्या राहत, आणि रोज वेटर विचारी, "ते दोघं येणार आहेत का?"

"एकदा नाही विचारलं," ते उर्वीला म्हणाले.

"व्हाय?"

"मला बोटीत बसायचं होतं, म्हणून."

तिला त्याचा अर्थ कळला की नाही, त्यांना समजले नाही. तिने आपल्या बशीतला केकचा तुकडा त्यांच्या बशीत सरकवला.

पाचव्या दिवशी सकाळी ते उतरले. तपासणी अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि संमतिपत्र पाहून दोन मिनिटांत शिक्का मारला. बाहेर शंतनू आणि नेत्रा उभे होते, दोघेही उन्हाने रापलेले. चार दिवस ती दोघे मोटेलात राहिली होती आणि वाटेत खायला म्हणून केलेल्या दशम्या व चिवडा किनाऱ्यावर बसून संपवत, येणारीजाणारी जहाजे पाहत होती.

"तुमची कधी दिसते, म्हणून रोज जायचो," नेत्रा म्हणाली. "सगळ्या सारख्याच हो दिसतात."

गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत अप्पा थांबले. मग मागच्या सीटवरून म्हणाले, "शंतनू, त्या संध्याकाळी तुझ्या उत्तरानं माझं समाधान झालं नव्हतं. पुन्हा विचारायला हवं, हे मला समजत होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर जाणं रद्द झालं असतं, आणि मला जायचं होतं. चूक तुझी नाही."

शंतनूने गाडीचा वेग कमी केला. मग आरशातून त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "खरं सांगू अप्पा? मी वाट पाहत होतो, तुम्ही पुन्हा विचारायची. लहानपणापासून सवय आहे ना. तुम्ही गप्प बसलात, तेव्हा म्हटलं, अप्पांनी सोडलं म्हणजे कागद बरोबरच असणार. म्हणून मग मी बघितलंच नाही."

अप्पांना राग अपेक्षित होता आणि त्याची त्यांनी तयारी केली होती. या विश्वासाची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"म्हणजे दोघं एकमेकांवर सोडून मोकळे," नेत्रा म्हणाली, "आणि मी बिचारी दशम्या लाटत बसले! त्यात अप्पांना गप्प बसवलं मीच." तिने पायाशी ठेवलेला फोल्डर उचलला आणि मागे अप्पांच्या मांडीवर दिला. "घ्या. प्रॉमिस कॅन्सल. बघा, अजून काय काय संपलंय आमचं."

अप्पांनी चष्मा चढवला. जॉर्जियाची सरहद्द लागेपर्यंत त्यांनी एकेक कागद काढून, पाहून, पुन्हा जागेवर ठेवला. डिसेंबरात मुंबईला जाऊन दोघांनी व्हिसा घ्यावा, असे ठरले. उर्वीचा पासपोर्ट ठीक होता.

"शंतनू, तुझा पासपोर्टच मार्चमध्ये संपतोय. नव्या पासपोर्टसाठी अर्ज?"

"हो अप्पा, टाकतो. नो प्रॉब्लेम."

पाचएक मैल गेले. दोन्ही बाजूंनी पाइनची झाडे मागे जात होती. अप्पांनी फोल्डर मिटला, मांडीवर नीट सरळ केला आणि खाकरले.

"शंतनू, अर्ज कोणत्या तारखेला टाकणार?"

"ही आस्क्ड ट्वाइस!" उर्वी ओरडली.

शंतनूने या वेळी खरोखर विचार केला. "सोमवारी," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी, अप्पा. मला आठवण करा."