मधली नळी

अक्काला जमिनीखालचं पाणी दिसतं, असं कार्यालयातले लोक चेष्टेने म्हणत. त्यावर अक्का चिडायची. "दिसत काही नाही, मोजावं लागतं," असं म्हणायची आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागायची. पिशवीत काय, तर लोखंडी फीत, निळा खडू, एक फडकं आणि चष्म्याचं घर. एवढ्यावर तिने पाणीपुरवठा खात्यात सत्तावीस वर्षं काढली. सगळे तिला फीत-अक्का म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

शहराबाहेरच्या माळावर तीन लोखंडी नळ्या जमिनीतून गुडघाभर वर आलेल्या होत्या. त्या खोदल्या होत्या अक्काच्या वडिलांनी, ते बोअरच्या गाडीवर होते. वरची नळी मुरुमातच थांबलेली. खालची पार भेगाळलेल्या खडकात उतरलेली. आणि मधली नळी त्या दोहोंच्या मधल्या काळ्या, चिकट, जाड थरात. त्या थराला सगळे झाकण म्हणत. खडकातलं पाणी शहर पितं, आणि वरची घाण त्यात उतरू नये म्हणून ते झाकण. आता झाकण घट्ट आहे की गळकं, हे वरून बघून कोणाच्या बापाला कळत नाही. पाणी आडवं वाहिलं तर कुठेतरी ओढ्याला, विहिरीला दिसतं तरी. जे उभं खाली झिरपतं त्याचा माग कसा काढायचा? तर तिन्ही नळ्यांतली पातळी रोज मोजायची, आणि कोणतं पाणी कोणाला ओढतंय ते बघायचं. काम कंटाळवाणं. पण अक्काला त्याचा कंटाळा कधी आला नाही, हेही खरं.

मोजायची रीत साधी. फितीच्या टोकाला हातभर खडू फासायचा, फितीवरचा ठरलेला आकडा नळीच्या तोंडावरच्या खुणेला लागेपर्यंत फीत आत सोडायची आणि वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथे गडद रेघ दिसते. ती वाळायच्या आत वाचायची, वजाबाकी करायची, की पाणी किती खोल ते कळलं. मग आकडा मोठ्याने सांगायचा. जोडीदाराने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि वहीत लिहायचा. खाली दोघांच्या सह्या. नियम असा होता की लिहिणाऱ्यानेही वाकून रेघ आपल्या डोळ्यांनी बघायची.

लिहिणारा होता अक्काचा पाठचा भाऊ. वडील गेले तेव्हा त्याचं धड शिक्षण नव्हतं की धड काम. अक्काने साहेबांच्या दारात तीन महिने खेटे घातले आणि त्याला आपल्या जोडीला लावून घेतलं. ती त्याला सोन्या म्हणायची. चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी सोन्याच. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. स्वभावाने गरीब, निदान तसा दिसणारा. त्याला जन्मात एकच हौस होती, खुर्चीची. उन्हात उभ्याने वही लिहिताना तो म्हणायचा, "अक्का, एकदा पाठ टेकायला खुर्ची मिळाली ना, की मी देवाकडे दुसरं काही मागणार नाही." अक्का हसायची. "देवाला सांग, गादीची दे म्हणावं."

पहिली पाच वर्षं तो नियमाप्रमाणे वाकून रेघ बघत असे. मग एकदा कमरेत लचक भरली आणि ती काही जाईना. प्रत्येक नळीपाशी वाकताना आई गं, उठताना आई गं. अक्काला ते बघवेना.

"तू वाकू नकोस रे," ती म्हणाली. "मी सांगते ना."

त्या दिवसापासून सोन्या ताठ उभा राहून लिहू लागला. अक्का आकडा सांगायची, तो परत म्हणायचा, लिहायचा. अशी वीस वर्षं गेली. नियम पुस्तकातच राहिला. बहीण खोटं सांगेल असं त्याच्या मनात कधी आलं नाही, आणि भाऊ चुकीचं लिहील असं तिच्या. पुढे पुढे तर तिचा आकडा तोंडातून निघतो न निघतो तोच त्याच्या तोंडून परत यायचा. विश्वास इतका की बघायची गरजच उरली नव्हती. खातं असल्या विश्वासाला निष्काळजीपणा म्हणतं. त्यांना तसं वाटलं नाही, त्याला काय करणार!

मग एका रसायनांच्या कारखान्याला माळाच्या वरच्या अंगाला सांडपाण्याचं मोठं तळं बांधायचं झालं. खात्याने अट घातली, झाकण घट्ट असेल तरच. तपासायचं कसं? शहराचे खोल पंप महिनाभर पूर्ण जोराने चालवायचे. खालून अशी ओढ बसूनही मधल्या नळीतलं पाणी जागचं हललं नाही, तर झाकण पक्कं. हललं, तर झाकणातून पाणी खाली उतरतंय.

पहिल्या दिवशी सकाळी अक्काने मधल्या नळीची रेघ वाचली. "एकवीस, बत्तीस." म्हणजे एकवीस मीटर आणि वर बत्तीस सेंटिमीटर. "एकवीस, बत्तीस," सोन्या म्हणाला. दहा दिवस तेच. कारखान्याचा माणूस रोज गाडीतून येऊन विचारून जायचा आणि खूश व्हायचा. अकराव्या दिवशी अक्काने फीत वर ओढली आणि पुसून पुन्हा सोडली. पुन्हा तेच आलं. "एकवीस, तेहतीस." त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी एकेक सेंटिमीटर करत पाणी खाली जात राहिलं. तिसाव्या दिवशी आकडा होता एकवीस, सदतीस. पंप थांबवल्यावर दोन महिन्यांत ते सावकाश पुन्हा बत्तिसावर आलं. झाकण गळत होतं. फार नाही, पण गळत होतं. तळ्यातलं पाणी खडकात पोचायला दहा-बारा वर्षं लागली असती, पण पोचलं असतंच.

अक्का घरी जाताना सोन्याला म्हणाली, "पाच सेंटिमीटर रे! बाबांनी मधली नळी उगाच नव्हती घातली." सोन्या खाली मान घालून पाय ओढत चालत राहिला. तिला वाटलं, दमला असेल.

सुनावणी नगरकार्यालयाच्या मोठ्या सभागृहात झाली. समोर अधिकारीबाई, एका बाजूला कारखान्याचा वकील, दुसऱ्या बाजूला खात्याची माणसं. अक्काने वही फडक्यात गुंडाळून आणली होती. सोन्या उशिरा आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी असताना मागे जाऊन बसला. अक्काने हाताने खूण केली, इकडे ये. त्याने दुसरीकडेच पाहिलं.

वकिलाने त्यालाच आधी बोलावलं. वही उघडून म्हणाला, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. ही तिसाव्या दिवसाची नोंद. ओली रेघ तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"नाही."

"त्या महिन्यात एकदा तरी?"

"नाही. ती सांगायची, मी लिहायचो."

इथवर सगळं खरं होतं. इथे तो थांबला असता तरी अक्काने त्याला माफ केलं असतं. खरं ते खरं.

"मग हे आकडे बरोबर आहेत, असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल का?"

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत होती. पंचवीस वर्षं तिचा आकडा त्याच तोंडाने परत म्हटला होता. आता त्याने फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही सांगता येणार," सोन्या म्हणाला. "तिला हल्ली चष्म्यातूनही नीट दिसत नाही. मी बोललो होतो तिला दोन-तीनदा. ऐकत नाही ती कोणाचं."

असं तो कधीच बोलला नव्हता. दोन-तीनदा सोडा, एकदाही नाही.

अधिकारीबाईंनी अक्काला विचारलं, "काय हो, हे रेघ बघायचे की नाही?" बघायचा, असं म्हटलं असतं तर सोन्याच खोटा पडला असता, कारण वीस वर्षांच्या सह्या तिच्या बाजूने होत्या. पण अक्काने जन्मभर जे दिसलं तेच सांगितलेलं. जीभ वळेना.

"नाही बघायचा," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला, वाकू नकोस म्हणून. पण बाई, पंप थांबल्यावर पाणी पुन्हा बत्तिसावर आलं. माझ्या चष्म्याची चूक दोन महिन्यांत आपोआप बरी झाली का?"

मागे कोणीतरी हसलं. अधिकारीबाई हसल्या नाहीत. त्यांनी नियमाचं पान काढलं आणि लिहिलं, मधल्या नळीच्या नोंदी एकाच व्यक्तीच्या, सबब ग्राह्य नाहीत. चाचणी पुन्हा घ्यावी, असं खात्याच्या इंजिनिअरने सुचवून पाहिलं. पंपांवर पुन्हा एवढा ताण टाकता येणार नाही, असं उत्तर मिळालं. तळ्याला परवानगी झाली. अट एकच, कारखान्याने स्वतःचा निगराणी कक्ष ठेवावा. पंधरा दिवसांत त्या कक्षाला प्रमुख मिळाला. प्रमुखाला खुर्ची मिळाली. फिरती, उंच पाठीची, गादीची.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. अक्काने ही म्हण शेकडो वेळा ऐकली होती, पण दांडा आपणच तासून दिला हे तिला घरी आल्यावर, खडूचं फडकं धुताना, एकदम उमगलं. मग ती तिथेच मोरीत बसून रडली. पाण्यासाठी रडली, आणि "नीट दिसत नाही" या तीन शब्दांसाठी त्याहून जास्त रडली. खात्याने तिला भांडारात बसवलं, झडपा आणि नळाच्या तोट्या मोजायला. तिथे सगळे अजून फीत-अक्काच म्हणायचे, फक्त आता हळू आवाजात.

चार महिने ती भावाकडे गेली नाही. शेवटी भावजयीचा फोन आला. "अक्का, भांडण तुमचं बहीण-भावांचं. मी काय केलंय? पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, आत्या आली नाही म्हणून तोंड पाडून बसलीय." अक्का विरघळली. एका संध्याकाळी भाचीसाठी पेन घेऊन ती गेली.

सोन्या अजून कामावरून यायचा होता. भाची पेन घेऊन मैत्रिणीला दाखवायला पळाली. अक्काने सवयीने पेला उचलला आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरला.

"अहो, ते नको," भावजय घाईने म्हणाली. तिने पेला हातातून घेतला. ओट्याखाली निळ्या झाकणाच्या दोन मोठ्या सीलबंद बाटल्या होत्या. तिने त्यातलं पाणी ओतून दिलं. "नळाचं आम्ही भांडी घासायलाच वापरतो. दर आठवड्याला बाटल्या येतात."

"कधीपासून?"

"सुनावणी झाली ना, त्याच आठवड्यापासून. मी म्हटलं, काय नसतं खूळ! तळ्यातलं पाणी पोचायला अजून कितीतरी वर्षं आहेत. तर म्हणाले, पोरीला आत्तापासून सवय लाव." भावजय प्रेमाने हसली. तुमच्या भावाच्या मनात तुम्ही अजून आहात, हेच तिला सांगायचं होतं. "म्हणाले, अक्काचा आकडा कधी चुकत नाही."

अक्काच्या हातातला पेला तसाच राहिला. एवढ्यात दार वाजलं आणि सोन्या आत आला. बहिणीला पाहून आधी त्याचा चेहरा उजळला, मग पेल्याकडे आणि बाटल्यांकडे नजर गेली तसा उतरला.

अक्का त्याच्याकडे बघून, माळावर म्हणायची तशी, मोठ्याने म्हणाली, "मधली नळी. एकवीस, सदतीस."

"एकवीस, सदतीस," सोन्याच्या तोंडून निघून गेलं.

भावजय एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "अहो, काय हे? काय झालं?"

"हेच त्या दिवशी म्हणायचं होतंस रे," अक्का म्हणाली. "एवढंच. जे तुझ्या पोरीला सांगितलंस, ते शहराला सांगायला तुझी जीभ का झडली?"

सोन्याने भिंतीजवळची खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. "अक्का, बस ना जरा. बस आधी."

अक्काने पेला न पिताच ओट्यावर ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"तूच बस," ती म्हणाली. "तुझी पाठ दुखते."