आठ खोल्यांचा हॉल

मामू कुठल्याही खोलीत शिरले की आधी दोन्ही हात पसरायचे. मापाची टेप खिशातच राहायची. मग हात खाली घेऊन म्हणायचे, "तीन माणसं आरामात." आमच्या घरीही त्यांनी हात पसरले, तेव्हा आई घाबरून म्हणाली, "अहो मामू, इथे आम्ही राहतो."

मामू सुतार होते, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, पोटासाठी आखातात आलेले. रास अल खोरच्या गोदामातून प्लायवूड आणायचं आणि करामातल्या फ्लॅटमध्ये पार्टिशनं ठोकायची, हेच त्यांचं काम. आमच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे. तिथल्या एका हॉलच्या त्यांनीच आठ खोल्या केल्या होत्या. मधे बोळ. खिडकी एकाच खोलीला, ती मामूंची. बाकी सात जण लाकडामागून विचारायचे, "मामू, उजाडलं का?" आणि मामू सांगतील ते खरं.

मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहायचो. तोंडावर बोलायचो, "मामू, ही घरं नाहीत, कपाटं आहेत. आग लागली तर?"

"बरोबर आहे हबीबी. मग माझ्या पगारात कुठे राहू ते पण लिही."

ते मी कुठून लिहिणार? समोरच नवा टॉवर उभा होता. जाहिरातीत 'परवडणारी घरं'. संध्याकाळी मोजून चार खिडक्यांत उजेड. कोणाला परवडणारी, हे जाहिरात सांगत नाही.

त्या वर्षी मामी पहिल्यांदा येणार होत्या. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली. मामूंनी खिडकीला पडदा लावला, भिंतीत मामींच्या शिवणाच्या डब्यासाठी फळी ठोकली. आणि त्याच आठवड्यात दारावर नगरपालिकेचा कागद लागला: पार्टिशनं काढा. आगीच्या भीतीचा नियम. खोटा नाही. पण पार्टिशन काढलं की आतला माणूस कुठे ठेवायचा, यावर त्या कागदात एक ओळ नव्हती.

पार्टिशनं मामूंनीच काढली. शेवटची फळी पडली आणि हॉलभर ऊन आलं. आठ माणसं डोळे चोळत उभी. वर्षानुवर्षं एकमेकांचा खोकला ओळखणारी, पण उजेडात चेहरे बिचकून बघणारी.

खरी भीती मला दुसऱ्या दिवशी वाटली. रिकाम्या हॉलमधून एक जण पाणी प्यायला निघाला. सरळ नाही गेला. चार पावलं, डावीकडे वळला, अंग चोरून तिरका झाला, मग पुढे. जिथे बोळ होता, तिथूनच. दुसरा मामूंच्या खोलीचं दार होतं तिथवर आला आणि थांबला. मामू म्हणाले, "ये, आत ये." मगच तो पुढे सरकला. कोणी हसलं नाही.

गुरुवारी मामी आल्या. शुक्रवारी जागा सोडायची होती, पुढे त्या आमच्याकडे राहणार होत्या. पार्टिशनांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सातही जणांनी आपलं सामान शारजाला पाठवून दिलं. मामूंना एक संध्याकाळ घर मिळावं म्हणून ते खाली चहाच्या टपरीपाशी उभे राहिले, वर बघत; मीही त्यांच्यात.

मामींनी खिडकीतून हाक मारली, "खाली काय उभे राहिलात? वर या, चहा टाकलाय."

आम्ही गेलो. सगळे बसले, गुडघे पोटाशी घेऊन, आपापल्या जुन्या खोलीच्या जागी.

"पाय पसरा की रे, एवढी जागा आहे!" मामी म्हणाल्या. कोणी पसरले नाहीत.

मामींनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग मामूंकडे वळल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

"फोनवर म्हणायचात, एकच खोली आहे. एवढं मोठं घर होतं, आणि सव्वीस वर्षांत मला एकदाही बोलावलं नाहीत?"

चूक कोणाची, यावर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. तेव्हा मात्र मी चहाचा कप तोंडाला लावला. सातही जण मामूंकडे बघत होते.

मामू कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "चुकलंच माझं."