इकडची बातमी, तिकडचं पाणी

तीन सप्टेंबर. गौरी दोन दिवसांवर आलेल्या आणि मी बावड्याला नणंदेच्या स्वयंपाकघरात करंज्या लाटत बसले होते. तिचे गुडघे धरलेत, खाली बसवत नाही, म्हणून दरवर्षी मी बारामतीहून एसटीनं येते, फराळ उरकते आणि परत जाते. त्या दिवशी करंज्या अर्ध्यावर टाकून उठावं लागलं ते तिच्या यजमानांमुळे. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. आता दाजी कसे आहेत हे एका वाक्यात सांगायचं, तर घराला आग लागली आणि कुणी तसं ओरडून सांगितलं, तर ते आधी ओरडणारा कुठल्या गटाचा आहे हे विचारतील आणि मगच बादली शोधतील.

आमच्या भागात माणसं दोन प्रकारची असतात, इकडची आणि तिकडची. ही विभागणी सगळ्यांनाच माहीत आहे, पण सगळे आपले लग्नकार्यात, तेराव्याला, बाजारात ती जरा बाजूला ठेवतात. दाजींनी ती कधीच बाजूला ठेवली नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर दूधसंकलन केंद्र आहे, पण ते तिकडच्याचं. म्हणून दाजी किटली मोटारसायकलला लटकवून गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात. तिथं दुधाला फॅट कमी लागली की म्हणतात, "म्हैस वैरण बराबर खाईना." जवळच्या केंद्रावर कमी लागली असती, तर मशीन चोर ठरलं असतं. दाढी इकडच्या सलूनमध्ये, चहा इकडच्या हॉटेलात. पेपर तर इकडचाच. तिकडचा पेपर घरात येतो तो रद्दी म्हणून, नणंद तो मांडणीवर डब्यांखाली अंथरते. मग दाजी पाणी प्यायला आत येतात, तांब्या हातात धरून मान वाकडी करतात आणि डबे सरकवत सरकवत तो पेपर तारखेसकट वाचून काढतात. "काय खोटं छापत्यात!" असं म्हणून पुढचा डबा सरकवतात.

टीव्हीपुढे त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नाही. उभे राहतात, येरझाऱ्या घालतात, रिमोटनं मांडीवर ताल धरतात. बातम्यांचं एकच चॅनेल. चुकून दुसरं लागलं, तर अंगावर पाल पडल्यासारखे बटण दाबतात. पण बातम्यांचं एक वेळ समजू शकतं, करमणुकीचं काय? गाण्याच्या स्पर्धेत एक मुलगी इतकी सुंदर गायली की दाजी चक्क स्टुलावर टेकले. "वैनी, गळा बघा! असा गळा पिढीतनं येकदा हुतो." तेवढ्यात सूत्रसंचालकानं तिचं गाव सांगितलं. ते गाव तिकडच्यांचा बालेकिल्ला. दाजी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "वरचा सूर जरा कच्चाच हाय न्हाय?" रोज साडेसातला लागणाऱ्या मालिकेत एक सासू आहे, सुनेच्या जेवणात मीठ ओतणारी. तिचं काम करणारी बाई एकदा इकडच्या पुढाऱ्याच्या दहीहंडीला इंदापूरला येऊन गेली. तेव्हापासून दाजी त्या सासूच्या बाजूनं. "तिचं काय चुकलं? शिस्त लावायला नगं?" नणंद भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग तुमच्या आईचंबी बराबरच हुतं म्हणा की." दाजी त्या दिवशी लवकर शेतावर गेले.

हा सगळा प्रकार मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेला. एकदाच जरा गंभीर झाले. दाजींना चक्कर आली म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, बराच वाढलेला निघाला. दाजींचं लक्ष डॉक्टरांच्या डोक्यामागच्या भिंतीवर. तिथं दिनदर्शिका होती आणि तिच्यावर तिकडच्या नेत्याचा हसरा फोटो. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याचं यंत्र आपल्याला धार्जिणं न्हाय." मी वाद घातला नाही. मला वेळ नव्हता, बारामतीला एमआयडीसीतून नवरा यायच्या आत घरी पोचायचं होतं. मी त्यांना तशीच चार दुकानं पलीकडच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं इकडची दिनदर्शिका होती. रक्तदाब तेवढाच निघाला, गोळीही तीच मिळाली. दाजींनी ती तिथल्या तिथं पाण्याबरोबर घेतली. या माणसाला औषध बदलून देऊ नये, नुसता हात बदलावा, हे मला त्या दिवशी समजलं.

हे झालं दाजींचं. आता गल्लीपलीकडचे. ते दाजींचे सख्खे चुलतभाऊ, एकाच पाटीवर शिकलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोघं दोन पॅनेलला गेले आणि तेव्हापासून बोलणं बंद. मधली गल्ली बैलगाडी जाईल एवढीच रुंद, पण दाजी तिच्याकडे सरहद्दीसारखं बघतात. चुलतभावाचं नावही घेत नाहीत, "पलीकडचा" म्हणतात. नदीकाठाला मात्र दोघांच्या उसाला पाणी उपसायच्या मोटारी अजून एकाच अंगाला, मध्ये फक्त नदीचं एक वळण. त्यांच्या वडिलांनी बसवलेल्या जागा त्या, गट बदलला म्हणून नदी थोडीच सरकते.

तर तीन सप्टेंबरला सकाळी नणंदेनं फोनवरचा गावाचा ग्रुप उघडला आणि मोठ्यानं वाचलं. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, दुपारपर्यंत आपल्याकडं चढेल, ज्यांच्या मोटारी काठाला आहेत त्यांनी ताबडतोब काढून घ्याव्यात.

दाजी अंगणातून आत आले. "कुणी टाकलंय?"

नणंदेनं फोन उपडा ठेवला. मीच म्हणाले, "पलीकडच्यांनी."

"मंग झालं!" दाजी हसले. "अवो, ह्यो डाव हाय. आमी मोटारी काढायच्या, ऊस वाळवायचा, आन ह्यो गावात सांगत फिरणार, बगा कसं येड्यात काडलं."

"दाजी, धरणाचं पाणी आहे ते. त्यांना कशाला खोटं बोलायचंय?"

"आपल्या चॅनेलवर दाखवलं का?"

आपल्या चॅनेलवर एका नटीच्या मोडलेल्या लग्नावर सहा माणसं एकाच वेळी बोलत होती. मी रिमोट घेतला आणि दुसरं चॅनेल लावलं. खालच्या पट्टीत पाण्याचीच बातमी सरकत होती. दाजींनी तिच्याकडे पाठ केली. "त्यांचं काय सांगू नगा. आता नदीवरनं आलो मी. पाणी हाय तितंच हाय."

पाणी होतं तिथंच होतं, हे खरं. पण ते यायचं होतं. आणि दाजींचा बांध सगळ्यांत सखल, त्यांची मोटार पहिली बुडणार. ती गेली की पुढं आठ-पंधरा दिवस पाणी नाही, आणि दाजींचा सगळा ऊस त्या एका मोटारीवर. नणंदेच्या चेहऱ्यावरून मला ते कळत होतं. ती नुसती सारणात चमचा फिरवत होती. आधीच फिरवून झालेलं सारण.

मी गॅस बंद केला, हात धुतले आणि स्टँडवर गेले. तिथं बेकरीवाले भाई. त्यांच्या तीन पिढ्या तिथंच पाव भाजतायत आणि दाजींच्या मते गावात खरं बोलणारा इकडचा माणूस एकच उरलाय, तो म्हणजे भाई. मी म्हटलं, "भाई, दाजींना सांगा, पाणी येतंय."

भाई हातातला ट्रे खाली ठेवत म्हणाले, "सांगतो की. पन वैनी, मला तरी कुणी सांगितलं? त्यांच्याच चुलतभावानं. सकाळी पाव न्यायला आल्ता तवा."

"ते तेवढं सांगू नका."

"खोटं बोलायला लावता व्हय? सणासुदीला?"

"खोटं कशाला? पाणी येतंय एवढंच म्हणा. कुणाकडून कळलं ते विचारणारच नाहीत, तुम्ही सांगितल्यावर."

भाई पिठाचे हात झटकून स्कूटरवर बसले, मी मागं. अंगणात शिरताशिरताच ते ओरडले, "दाजी, बसलाय काय? पाणी येतंय! मोटार काडा!"

दाजींनी एकही प्रश्न विचारला नाही. पाना घेतला, दोर घेतला, वासा खांद्यावर टाकला. जाताजाता मला म्हणाले, "बगा वैनी, बातमी अशी आसती. पक्की." माझी सगळी सकाळ या पक्क्या बातमीत गेली होती.

आम्ही नदीवर पोचलो तेव्हा पाणी गढूळ होऊन चढायला लागलं होतं. आणि दाजींच्या मोटारीपाशी कमरेएवढ्या पाण्यात पलीकडचे उभे. वायर सोडवून झालेली, बोल्टही निम्मे काढलेले. दाजी काठावर थबकले. वासा खांद्यावर तसाच.

"भाई," दाजी म्हणाले, "त्याला इचारा, माझ्या मोटारीला हात कुणाच्या परवानगीनं लावला?"

पाण्यातून उत्तर आलं, "भाई, त्याला सांगा, परवानगी मागायला आलो आसतो तर मोटार पंढरपुरात घावली आसती."

"त्याला म्हणावं, दोर नीट बांध. सैल हाय."

"त्याला म्हणावं, आधी पाण्यात उतर."

भाई दोघांच्या मध्ये उभे राहून इकडून तिकडे मान फिरवत होते. "मी काय टेलिफोन हाय का? वढा आता!" मीही पदर खोचला आणि दोर धरला. तीन पुरुष आणि मी, अशी ती मोटार आम्ही वासा घालून वरच्या बांधावर आणली. ती खाली ठेवली आणि दाजी तिच्यावरचा चिखल हातानं पुसायला लागले. पलीकडचे मात्र थांबले नाहीत. पाना घेऊन स्वतःच्या मोटारीकडे पळाले. वळणापलीकडे दिसेनासे झाले.

परत आले ते सावकाश. पाना हातात होता, चिखल लागलेला नव्हता.

"गेली," ते म्हणाले. भाईंना म्हणाले. "माझी जरा वर हाय, मला वाटलं टाईम हाय."

टाईम कुठं गेला ते दाजींना माहीत होतं, मलाही. सकाळपासून दोन चॅनेलं, एक वाद, एक स्कूटर.

संध्याकाळी दाजींनी टीव्ही लावला आणि त्याच्याकडे न बघता ओट्यावर येरझाऱ्या घातल्या. मी राहिलेल्या करंज्या तळत होते. दाजी दारात आले. "मुद्दाम केलं त्यानं. माझ्यावर उपकार चढवायला. आता निवडणुकीत गावभर सांगंल."

"सांगू द्या की," मी म्हणाले. "खरंच आहे ते."

परत एक फेरी झाली. "त्याला आपली मोटार आधी काढता येत नव्हती व्हय? आक्कल न्हाय." आणखी एक फेरी. मग हळूच, "लहानपनीबी आसाच. पवताना आधी मला वर ढकलायचा, मंग सोता गटांगळ्या खायचा." एवढं बोलून ते चपापले, जणू तिकडच्याचं भाषण आपल्या तोंडून निघालं. नणंद जेवायला वाढते म्हणाली, तर भूक नाही म्हणाले. नटीच्या लग्नावर अजून सहा माणसं बोलत होती. दाजींनी टीव्ही बंद केला, आणि तो बंद केल्यावर घरात इतकी शांतता असते हे मला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते, तर दाजी समोर. "वैनी, तुमी स्टँडवर जाताय, वाटंतच हाय. त्याला इचारा, त्याच्या उसाला कवाधरनं पाणी न्हाय."

मी गेले, विचारलं. पलीकडचे म्हणाले, "त्याला काय करायचंय?" मी परत आले, सांगितलं. दाजी म्हणाले, "त्याला सांगा, नदी उतरली की माझ्या मोटारीवरनं पाईप वढून घे. आधी तुझं भिजव, मग माझं." मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "दाजी, काल भाईंचा टेलिफोन झाला, आज माझा होतोय. माझी साडेआठची गाडी आहे. तुम्ही जा." ते म्हणाले, "म्या?" आणि स्वयंपाकघरातून नणंद म्हणाली, "मग काय मी जाऊ, ह्या गुडघ्यावर?"

मी आत जाऊन तिला नमस्कार केला, तिनं हळदीकुंकू लावलं, पाण्याची बाटली भरून दिली. बाहेर आले तेव्हा दाजी अंगणात नव्हते. गल्लीतही नव्हते. पलीकडच्या ओट्याखाली त्यांच्या चपला होत्या. घाईत काढलेल्या, एक सरळ, एक उलटी. आतून दोन पुरुषांचे आवाज येत होते, चढलेले. भांडतायत की बोलतायत हे बाहेरून कळत नव्हतं. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं असं बायका म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी वाकून ती सरळ केली आणि गाडी चुकू नये म्हणून पाय उचलला.