बाहेरच्यांची यादी

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी ते पाकीट यायचं आणि माझा आठवडा नासायचा. आत एकच कागद. वर हिरव्या शाईत रानडुकराचं मुंडकं, खाली नोव्हेंबरातल्या हाक्याच्या शिकारीची तारीख, त्याखाली नियम. गावातल्यांसाठी चार ओळी, आमच्यासाठी पाऊण पान. आम्ही म्हणजे 'आउसवेर्टिगे', बाहेरचे. हा शब्द कागदावर नेहमी ठळक अक्षरांत असायचा, म्हणजे चुकून कुणाचा गैरसमज नको.

मी तेव्हा वोल्फ्सबुर्गला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. शहरातून पूर्वेला अर्धा तास गाडी हाकली की राज्य बदलतं. पूर्वी तिथे देश बदलायचा, मध्ये तारा आणि पहारे होते. ते काढून दीड दशक होऊन गेलं होतं. तारा काढल्या आणि त्या जागी दरपत्रक लावलं, असं मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवायचो. ऐकणारे बहुधा जर्मनच असत, त्यामुळे कुणी हसत नसे.

शिकारीचं खूळ मूळचं माझं नव्हे, शेजारच्या म्हाताऱ्यांचं. आमच्या जिन्यात समोरच्या दारामागे ते एकटे राहायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमची मुलगी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, अशी हाक मारायची आणि तेही तिच्याकडून ते ऐकायला दार उघडं ठेवायचे. एकदा बोलता बोलता मी सांगितलं की आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला डुकरं उसात शिरतात, माझ्या वडिलांकडे त्यासाठी परवान्याची बंदूक होती, पुढे कायदा आला आणि ती जमा झाली. म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि दोन हिवाळे मला धरून बसवून शिकारीच्या परवान्याची परीक्षा द्यायला लावली. झाडं, जनावरांचे रोग, कायदे, कुत्र्यांच्या जाती, सगळं जर्मनमधून. इंजिनिअरिंगला मी एवढा घाम गाळला नव्हता. पास झाल्याचं कळलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लोक इथे येऊन घर घेतात. तुम्ही डुक्कर मारायला शिकलात."

खरं कारण मला नंतर कळलं. म्हाताऱ्यांची नजर गेली होती. समोरचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, फक्त कडा दिसायच्या. त्यांना गाडी चालवणारा माणूस हवा होता, आणि तोही त्या एका जंगलात जायला परवाना असलेला.

कारण ते जंगल त्यांचं होतं. कागदावर नव्हे. त्यांचे वडील तिथे वनरक्षक होते आणि जंगलाच्या कडेच्या लाल विटांच्या घरात हे जन्मले होते. बारा वर्षांचे असताना आईने एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात यांना धरून सीमा ओलांडली. मागे राहिलेले वडील पुन्हा दिसले नाहीत. सीमा उघडली त्याच्या पुढच्या महिन्यात हे तिथे गेले, तर गावात ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. घर पुढे त्या पेख्टरने घेतलं. पेख्टर म्हणजे ज्याने जंगलातल्या शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने घेतलेला असतो तो. हा मूळचा हानोफरचा, आमच्याच राज्यातला. स्वस्ताईच्या दिवसांत तिकडे गेला, घर घेतलं, हक्क घेतला आणि गावकरी झाला. ज्यांचा तिथे जन्म झाला ते बाहेरचे, आणि चेकबुक घेऊन आलेला हा घरचा. आपला तो बाब्या, हे कळायला मराठीच यावं लागतं असं नाही.

दर नोव्हेंबरात त्या लाल घराच्या अंगणात सगळे शिकारी जमायचे. पेख्टर उंबऱ्यावर उभा राहून यादी वाचायचा, आधी गावातली नावं, मग बाहेरची. ज्याचं नाव येईल त्याने 'हिअर' म्हणायचं, म्हणजे हजर. म्हाताऱ्यांचं आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडचं, त्यामुळे ते अगदी शेवटी यायचं. ते नाव ऐकताना ते टोपी काढायचे. वडिलांचं आडनाव त्यांच्याच अंगणात वर्षातून एकदा मोठ्याने उच्चारलं जातं, आणि आपण तिथे 'हजर' म्हणतो, यासाठी म्हातारे पैसे भरत होते. हे त्यांनी मला एकदाच, मचाणावर बसलो असताना सांगितलं. डुक्कर मिळालं काय, न मिळालं काय, त्यांना सारखंच होतं. बंदूक तर त्यांनी कधीच विकली होती. शिकाऱ्याचा पूर्ण दर भरून ते रिकाम्या हाताने माझ्या शेजारी बसायचे.

आणि तो दर वाढत होता. मी जायला लागल्यापासून चार वर्षांत दुप्पट झाला. गावातल्यांना फुकट, वर वाटाण्याचं सूप. आम्हाला सूपसुद्धा विकत. आधी पूर्ण मोसमाचा पास मिळायचा, मग फक्त दोन दिवसांचा, मग एकाच दिवसाचा. मग बाहेरच्यांनी हरणाला हात लावायचा नाही, फक्त डुकराची पिल्लं आणि वर्षभराची डुकरं मारायची. मग मारलेल्याचं मांस हवं असेल तर बाजारभावाने घ्यायचं. प्रत्येक वर्षी एक कलम वाढायचं आणि खाली तीच ओळ असायची, की जागा मर्यादित असून पाहुण्यांनी समजून घ्यावं. मी समजून घेत नसे. मी किचनमध्ये उभा राहून कागद मोठ्याने वाचायचो आणि मराठीत शिव्या घालायचो. बायको मुलीला आत पाठवायची.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर मी साधू ठरेन. पुण्याला कॉलेजात असताना बाहेरच्या राज्यातून आलेल्या पोरांनी जागा अडवल्या म्हणून मीच हॉस्टेलच्या कट्ट्यावर भाषणं ठोकली होती. त्यांच्याकडून दुप्पट फी घ्या, असंही म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. दरपत्रक वाचताना ते मला आठवायचं आणि त्यामुळे राग कमी होण्याऐवजी वाढायचा.

पाचव्या वर्षी नवं कलम आलं. बाहेरच्या प्रत्येकाने त्याच वर्षी नेमबाजीची चाचणी दिल्याचा दाखला जोडावा, नाहीतर यादीत नाव येणार नाही. ज्याला समोरच्या माणसाचं नाक दिसत नाही तो निशाणा काय लावणार? म्हाताऱ्यांनी माझ्याकडून ते कलम दोनदा वाचून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. हे माझ्यासाठीच आहे."

मी पेख्टरला फोन केला. माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड फोन. ते बंदूक आणणार नाहीत, नुसते बसतील, दर पूर्ण भरतील, फक्त नाव यादीत असू द्या. मग तो म्हणाला, "या वर्षापुरतं. सौजन्य म्हणून." फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. जाताना गाडीत म्हाताऱ्यांनी मला बजावलं, "तिथे तू काही बोलायचं नाहीस. काहीही झालं तरी."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

सकाळी यादी वाचली गेली. म्हाताऱ्यांचं नाव शेवटी आलं, त्यांनी टोपी काढली, 'हिअर' म्हणाले. दुपारपर्यंत आम्ही मचाणावर बसलो. हाकारे आणि कुत्री पलीकडच्या झाडीतून ओरडत आली आणि एक वर्षभराचं डुक्कर माझ्या समोर उघड्यावर निघालं. एकाच गोळीत पडलं. म्हातारे चाचपडत खाली उतरले, ओकची एक डहाळी मोडली आणि त्या जनावराच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, तिकडची रीत आहे. दुसरी डहाळी त्यांनी माझ्या टोपीत खोवली. वडील आमच्याकडे बंदूक साफ करताना गप्प असायचे, ते मला तेव्हा आठवलं. त्या जंगलात मला निखळ बरं वाटलं असा तो एकच क्षण.

संध्याकाळ व्हायच्या आधी मारलेली सगळी जनावरं अंगणात फर झाडाच्या फांद्यांवर ओळीने मांडतात. चारी कोपऱ्यांत शेकोट्या पेटवतात, शिंगं वाजवून प्रत्येक जातीला मानवंदना देतात. त्या ओळीतल्या जनावराला कुणी ओलांडायचं नसतं. परीक्षेत त्यावर प्रश्न होता आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. मला ते पाठ करावंच लागलं नव्हतं, कारण आपल्याकडेही झोपलेल्याला ओलांडत नाहीत.

म्हातारे ओळीच्या कडेने चालले होते. फरची एक फांदी बाहेर आलेली त्यांना दिसली नाही. पाय अडकला, ते पुढे झुकले. मी ओळीच्या दुसऱ्या बाजूला होतो. विचार न करता मी डुकरावरून उडी मारली आणि त्यांना काखेत धरलं. ते सावरले. इथवर कुणी काही म्हणालं नसतं.

पण लहानपणी धाकट्या भावाला ओलांडलं की आई हातातलं काम टाकून म्हणायची, "ओलांडलंस ना? आता उलटा ओलांड." उलटं ओलांडलं की दोष जातो, नाहीतर पोराची वाढ खुंटते. पस्तीस वर्षं हे माझ्या पायात मुरलेलं. म्हाताऱ्यांना सोडलं, मागे वळलो आणि त्याच डुकरावरून सावकाश, नीट पाय उचलून परत गेलो. शिंगं वाजवणारे थांबले. तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती.

पेख्टर पुढे आला. "पहिल्यांदा अपघात, ते मी पाहिलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा काय होतं?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं की आमच्याकडे अशी रीत आहे, मी मान ठेवायलाच परत ओलांडलं. ते हसले असते. अशा चुकीला तिथे सगळ्यांना एकेक पेला पाजण्याची शिक्षा असते, ती मी आनंदाने भोगली असती. मी तोंड उघडलंही होतं.

पण तो तेवढ्यात सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आल्झो, तर मग, ज्याला जनावराचा मान ठेवता येत नाही, त्याने आमच्या जंगलात येऊ नये."

'आमच्या' या शब्दाने माझं डोकं फिरलं. पाच वर्षांचे ऑगस्ट त्यात होते. "तुमच्या?" मी म्हणालो. माझी जर्मन इतकी चांगली त्याआधी कधी झाली नव्हती. "तुम्ही हानोफरचे. घर स्वस्त मिळालं म्हणून आलात. हा माणूस या घरात जन्मला. याच्या बापाने हे जंगल राखलं. आणि तुम्ही याच्याकडून सुपाचे पैसे घेता. इथे बाहेरचं कुणी असेल तर ते तुम्ही आहात."

गावातल्या दोघातिघांनी खाली पाहिलं. मला वाटतं, त्यांना ते पटलं होतं. पेख्टर मात्र चिडला नाही. त्याने खिशातून यादी काढली, पेन काढलं, कागद तळहातावर ठेवून शेवटच्या दोन नावांवर रेघ मारली आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला.

गाडीत मी अजून पेटलेलाच होतो. कसं सुनावलं, एकालाही उत्तर देता आलं नाही, असं बडबडत होतो. जुनी सीमा मागे पडली. मग म्हातारे म्हणाले, "घराचं तू आज बोलून दाखवलंस. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोळा वर्षं मी तोंड बंद ठेवून त्या यादीत राहिलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच लाज वाटली. मी भांडलो ते त्यांच्यासाठी, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. भांडण माझंच होतं. किंमत तेवढी त्यांनी दिली. बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही."

माफीचं पत्र मी जानेवारीपर्यंत लिहिलं नाही. रोज म्हणायचो, उद्या. लिहिलं तेव्हाही त्यात एक वाक्य टोचणारं ठेवलं, म्हाताऱ्यांनी ते काढ म्हटलं तरी. उत्तर आलं नाही. ऑगस्टात पाकीट आलं नाही, आणि त्या ऑगस्टात मी रोज टपालाची पेटी बघत होतो.

नोव्हेंबरात त्या शनिवारी म्हाताऱ्यांनी सकाळीच दार वाजवलं. हिरवा कोट घातलेला, टोपी हातात. "नुसती गाडी चालव," ते म्हणाले. रस्ता सगळ्यांचा असतो, त्याला दर नाही. मी लाल घराच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला गाडी लावली. त्यांनी काच खाली केली. अंगणातून पेख्टरचा आवाज स्पष्ट येत होता. गावातली नावं झाली, मग बाहेरची सुरू झाली. ती आता फार उरली नव्हती. प्रत्येक नावामागे कुणीतरी 'हिअर' म्हणत होतं. शेवटचं नाव झालं आणि शिंग वाजायच्या आधी क्षणभर शांतता पडली.

"हिअर," म्हातारे गाडीत म्हणाले, फक्त मलाच ऐकू येईल असं.

मग त्यांनी काच वर केली आणि टोपी घातली. मी काही बोललो नाही. गाडी सुरू केली आणि घरी आलो.