सहा व्हायोला आणि माझा पहारा

मी संशयी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा फक्त कुणावर विश्वास बसत नाही, एवढंच. दूधवाला हसला की मी दुधात बोट बुडवून बघते. आमचे हे न सांगता भाजी निवडायला बसले की आज घरात काय फुटलं असेल ते मी शोधायला लागते. (बहुतेक वेळा कपबशी निघते.)

ही हकिकत बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची, दोन-तीन वर्षांनंतरची असेल. सोलापुरात स्टेशनामागच्या आमच्या वसाहतीत फर्नांडिस मास्तर राहायचे. जन्मभर रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला एकटा म्हातारा माणूस. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी तिथून सहा व्हायोला उचलून आणले. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगानं मोठा, आवाजानं घोगरा. (मग व्हायोलिनंच का नाही आणली? कारण ती त्यांच्या आधी कुणीतरी शहाण्यानं नेली होती.) वसाहतीच्या कमिटीनं समाजमंदिराच्या मागची रिकामी खोली मास्तरांना दिली, आणि ते वसाहतीतल्या सहा पोरांना फुकट शिकवू लागले. त्यांत आमची लेक विद्याही होती. तिनं व्हायोला हनुवटीखाली घेतला की समोरून नुसता व्हायोला आणि दोन पाय दिसायचे.

सहा व्हायोला एकदम सुरू झाले की वसाहतीतली कुत्री साथ द्यायची. तक्रारी वाढल्या. शेवटी कमिटीचे अध्यक्ष शिवलिंगप्पा अण्णा, भुसार मालाचे व्यापारी, यांनी निकाल दिला, "ह्या खेपेला वसाहत दिनाला पोरांचाच कार्यक्रम ठेवायचा. लोकास्नी आवडलं तर खोली मास्तरची. न्हाय आवडलं तर तितं कॅरम मांडायचा. बास."

कार्यक्रमाची चिटणीस मी. (शाळेत शिकवते म्हणून. आमच्याकडे खडू हातात धरणाऱ्याला सगळं येतं असा समज आहे.) मास्तर मला भेटायला आले, ते दारातच उभे राहिले. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "टीचर, ती खोली गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं?"

मी म्हटलं, "मास्तर, खोली कुठंही जात नाही. मी आहे ना!"

आता वाटतं, त्यांनी त्याच क्षणी टोपी घालून दुसरी चिटणीस शोधायला हवी होती.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना मला गुंडूराव दिसले. गुंडूराव म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर. ते मास्तरांच्या खोलीच्या खिडकीला नाक लावून आत बघत होते. मला पाहिल्याबरोबर दचकले, खाली वाकले आणि चपलेची नाडी बांधू लागले. पायात कोल्हापुरी चप्पल! कोल्हापुरी चपलेला नाडी कधीपासून आली?

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. "वहिनी, हाय का घरात? जरा इचारायचं होतं. ती वाद्यं रातच्याला कुटं ठेवत्यात?"

"का?"

"न्हाय, सहजच."

सहज! पंचावन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या वाद्यांचा पत्ता सहज विचारतो? मला लख्ख प्रकाश पडला. गुंडूरावांना ती खोली पेटीच्या क्लाससाठी हवी आहे. कार्यक्रम फसला की खोली मोकळी! मी ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, तो साधा माणूस आहे."

"साधीच माणसं असतात!" मी म्हटलं. (म्हणजे काय, ते मलाही नक्की माहीत नव्हतं, पण हे गप्प बसले.)

शुक्रवारी संध्याकाळी मी सहाच्या सहा व्हायोला, तारांवर घासायच्या त्यांच्या सहा गजांसकट, आमच्या घरी आणले आणि कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे ठेवून कुलूप लावलं. मास्तर गोंधळले. "टीचर, रविवारी प्रोग्राम. शनिवारची प्रॅक्टिस?"

"मास्तर, वाजवायला व्हायोला उरले तर प्रॅक्टिसचा उपयोग!"

मास्तर बिचारे मान हलवून गेले. गार्डाची नोकरी केलेला माणूस. समोरच्यानं ठामपणे लाल दिवा दाखवला की थांबायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी माझी सकाळची शाळा. घरी सासूबाई एकट्या. सासूबाई मैंदर्गीच्या, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत संसार केलेल्या. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "आत्याबाई, आत सहा वाद्यं आहेत. आपली नातवंडं समजून जपा. उद्या चारचौघांत बसायचंय त्यांना."

"तू जा गं निवांत," सासूबाई म्हणाल्या. "सा लेकरं वाढवलीत मी."

तरीही निघताना मी कोठीच्या उंबऱ्याआत चिमूटभर रांगोळी भुरभुरवून ठेवली. कुणी आत गेलं तर पाऊल उमटेल! ही युक्ती मला कुणी शिकवलेली नव्हती. ती माझ्या रक्तातच होती.

दुपारी आले तर रांगोळीत पाऊल! एक नाही, चांगली आठ-दहा, आत जाणारी आणि बाहेर येणारी. अंगणात पाणी सांडलेलं. मी विचारलं, "आत्याबाई, कोण आलं होतं?"

"गुंडूराव आलता की. चा पिऊन गेला."

पुराव्यात आता काय कमी होतं? पावलं लहान होती खरी. पण मी लगेच ओळखलं की तो चवड्यांवर चालला असणार. लबाड! आत जाऊन मोजलं. व्हायोला सहा. गज सहा, स्वच्छ फडक्यात शिस्तीत गुंडाळलेले. म्हणजे चोरी झाली नव्हती. माझ्या पहाऱ्यामुळे चोराला हात हलवत जावं लागलं होतं! त्या दुपारी मी स्वतःवर खूश होऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवार उजाडला. संध्याकाळी समाजमंदिरापुढचं पटांगण भरलं. सतरंज्यांवर बायका-पोरं, मागं खुर्च्यांवर कमिटी. सहा पोरं पांढरे कपडे घालून स्टेजवर बसली. मास्तरांनी गार्डाचा जुना काळा कोट इस्त्री करून घातला होता. त्यांनी खुंट्या पिळून, तारा बोटांनी छेडून सूर जुळवले. सगळं ठीक होतं. गुंडूराव पहिल्याच रांगेत पेटी घेऊन बसले होते. (पेटी कशाला? मी तेही मनात टिपून ठेवलं.)

मास्तरांनी हात वर केला. सहा गज एकदम तारांवर आले. हात खाली आला. सहा गज एकदम सरकले.

काहीही ऐकू आलं नाही.

पोरं मान हलवत होती, कोपर चालवत होती, विद्या तर जीभ बाहेर काढून जोर लावत होती. आवाज शून्य! मागून कुणीतरी ओरडलं, "माईक बंद हाय का रं?" माईकवाला धावत आला, माईकवर टिचकी मारून म्हणाला, "हॅलो, हॅलो!" त्याचा आवाज पार स्टेशनापर्यंत गेला. माईक उत्तम होता. मास्तरांनी पुन्हा हात वर केला, पुन्हा खाली आणला. पुन्हा तेच. गज तारांवरून सुळकन घसरत होते.

शिवलिंगप्पा अण्णा पुढं वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, सुरू व्हायचंय का संपलं?"

मास्तरांचा हात हवेतच राहिला. ते पोरांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला ते बघवेना. मी स्टेजवर चढले, माईक हिसकावला आणि गरजले, "हा घातपात आहे! आणि तो करणारा माणूस इथंच, पहिल्या रांगेत बसलाय!"

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी आपल्या शेजाऱ्याकडे बघितलं.

"गुंडूराव! काल तुम्ही आमच्या कोठीत शिरला होतात. तुमच्या पावलांचे ठसे माझ्याकडे आहेत!"

गुंडूराव उठले. शांतपणे वर आले. विद्याच्या हातातला गज घेतला, त्याला ताणून बांधलेल्या केसांवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"वहिनी, ह्याला तर खोबरेल तेल लावलंय की."

"तुम्हीच लावलंत!"

"माझ्याकडं बघा की जरा," गुंडूरावांनी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. "मी कशापायी घरात खोबरेल ठेवू?"

लोक हसले. आणि त्या हशातून बायकांच्या गर्दीतून सासूबाई उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर अपराध तर सोडाच, अभिमान होता.

"अगं, मी लावलंय की तेल! अय्य शिवा, काय ती केसं! राठ झालेली, वर सगळा पांढरा पांढरा कोंडा! शाळंत दुसऱ्याची पोरं शिकवतीस, आन घरातल्यांच्या केसांकडं बघत न्हाईस व्हय? चारचौघांत बसायचंय म्हनालीस. म्हणून शिकेकाईनं धुतली, अंगणात उनाला वाळवली, तेल लावून फणी फिरवली. दोन्ही टोकाला बांधलेली हायती, न्हाय तर वेणीच घातली असती!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंचा तो कोंडा म्हणजे राळेची पूड होती. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, आणि त्यांना रोज राळ घासली तरच ते तार पकडतात. मास्तरांनी दोन वर्षं घासलेली राळ सासूबाईंनी एका सकाळीत मुळापासून काढली होती, आणि वर तेल लावून नवी राळ बसण्याचा रस्ताही बंद केला होता!

धरणीमातेनं पोटात घ्यावं असं मला वाटलं, पण स्टेज लाकडी होतं. रांगोळीतली ती लहान पावलं कुणाची, तेही आत्ता कळलं. पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. मास्तरांची खोली मी घालवली होती. गुंडूरावांनी नाही, कॅरमवाल्यांनी नाही, मी. मी माईकवरूनच म्हणाले, "मास्तर, मला माफ करा." आणि पदर डोळ्यांना लावला.

"वहिनी, रडताय कशाला," गुंडूराव म्हणाले. "मास्तर, गज ऱ्हाऊ द्या. तारा तर धड हायती की. पोरास्नी बोटानं वाजवू द्या. मी पेटीवर सूर धरतो. मागनं भजनासाठी म्हणून आणलेलीच हाय."

मास्तरांनी पोरांना खूण केली. पोरांनी व्हायोला मांडीवर आडवे घेतले. गुंडूरावांनी पेटीचा भाता उघडला. आणि मास्तरांनी साहेबी नाचासाठी म्हणून शिकवलेली ती चाल बोटांनी टिणटिण वाजू लागली. आमच्या लोकांना साहेबी नाच काय ठाऊक! त्यांना ती भजनाची चाल वाटली. आधी बायकांनी टाळ्या धरल्या, मग मागच्या खुर्च्यांनी. कुणीतरी घरून टाळ आणले. चाल संपली तरी लोक थांबेनात. पोरांनी ती चार वेळा वाजवली. विद्या पाचव्यांदाही वाजवायला तयार होती, पण मी तिला डोळे दाखवले. सगळ्यांत कडी म्हणजे एकाही कुत्र्यानं साथ दिली नाही.

शिवलिंगप्पा अण्णा उठून म्हणाले, "खोली मास्तरची! पर पोरं अशीच बोटानं वाजवू देत. लई ग्वाड वाटतंय."

मास्तरांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि गुंडूरावांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

खाली उतरल्यावर मी गुंडूरावांना गाठलं. (माफी मागायलाच, पण सवय जात नाही.) "मग तुम्ही खिडकीतून काय बघत होता?"

गुंडूराव लाजले. "वहिनी, पेटीतनं मींड निघत न्हाई. एका सुरावनं दुसऱ्यावर घसरत जाता येत न्हाई, उडीच मारावी लागती. त्या व्हायोलावर निगती. तीस वर्सं झाली, मला ती एकदा आपल्या हातानं काढायची हाय. पर ह्या वयात पोरांच्या वर्गात कसं बसावं? म्हणून म्हटलं, कुणी नसताना जरा हात लावून बघावा."

ज्या माणसाला सहा व्हायोलांपैकी एकाला नुसता हात लावायचा होता, त्याच्या भीतीनं मी ते ज्वारीच्या पोत्यांमागे कोंडले होते! मी मास्तरांना जाऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, "उद्या सहाला यायला सांगा. वही नको, फक्त नखं कापून या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक झाली. तीन ठराव झाले, पण अण्णांनी मला दोनच वाचून दाखवले: खोली मास्तरांकडे राहील, आणि गुंडूराव सातवे विद्यार्थी. तिसऱ्यावर त्यांनी पान उलटलं. आता मी संशयी नाही. पण चिटणिसानं ठरावाची वही बघायला नको का? अण्णा चहाला वळले तेव्हा मी बघितली. लिहिलं होतं, "वाद्यांच्या सुरक्षिततेसाठी ती यापुढे चिटणीसबाईंच्या घरापासून लांब ठेवावीत." खाली साक्षीदार म्हणून पहिली सही आमच्या ह्यांची होती, आणि तिच्या शेजारी अंगठा सासूबाईंचा!